मे महिन्यातलं धुकं

पिंपळहेटीला मे महिन्यात धुकं पडत नाही. उडतो तो फुफाटा. जंगलातले रस्ते मुरमाचे आहेत. पर्यटकांना घेऊन एक जिप्सी गेली की तिच्यामागे लालसर पिवळी धूळ उठते, आणि वारा नसला तर बांबूच्या शेंड्यापर्यंत चढून तिथेच लटकत राहते. मागच्या गाडीतली माणसं दुपट्ट्याने तोंड बांधून घेतात. गेटवरच्या कुठल्याही ड्रायव्हरला झोपेतून उठवून विचारा, हेच सांगेल.

दौलत कुळमेथेला तर हे रस्ते हाताने ठाऊक होते. गाडीवर बसण्याआधी तो याच रस्त्यांवर मुरूम पसरायच्या आणि धुम्मस मारून तो दाबायच्या कामाला होता. त्याच्याही आधी बांबूकटाई. दिवसभर वाकून बुंधे तोडायचे, मोळ्या बांधायच्या आणि खांद्यावरून डेपोपर्यंत वाहायच्या. पुढे जंगलात पाहुणे वाढले, गाड्या आल्या आणि चाळिशीच्या आसपास दौलत स्टिअरिंगवर बसला. बसून करायचं काम त्याला सुरुवातीला काम वाटतच नसे. घरी येऊन तो बायकोला म्हणायचा, "कौशे, दिवसभर नुसता बसून राहतो. हात दुखत नाही, पाठ दुखत नाही. जेवाले लाज वाटते."

"लाज वाटते तं लाकडं फोड," कौशी म्हणायची. "कुऱ्हाड दारामागं हाय."

तो खरंच फोडायचा.

कॅमेरा त्याला मिळाला तो कोलकात्याच्या भादुडी साहेबांकडून. ते दर हिवाळ्यात यायचे आणि दौलतचीच गाडी मागायचे. एका वर्षी परत जाताना त्यांनी जुना कॅमेरा आणि लांब लेन्स दौलतच्या मांडीवर ठेवली.

"माझा गुडघा आता गाडीत चढू देत नाही," ते म्हणाले. "घरी ठेवला तर हा धूळ खाईल."

"साहेब, धूळ तं तो इथंही खाईल."

"खाऊ दे. इथली खाऊ दे."

दौलतने फोटो काढणं शिकून घेतलं ते बांबूकटाई शिकला तसं, म्हणजे चुकीचे घाव घालून. वाघ निघतो तेव्हा उजेड नसतो, आणि उजेड असतो तेव्हा वाघ झोपलेला असतो. बांबूतून ऊन पडतं ते ठिपक्यांनी. गालावरच्या पांढऱ्या केसांवर एक ठिपका पडला की तेवढी जागा जळून कोरी होते आणि बाकीचा वाघ काळोखात बुडतो. गाल वाचवायचा तर ऊन सरून वाघ पुरता सावलीत जाईपर्यंत थांबावं लागतं. मग कॅमेऱ्याची झडप जास्त वेळ उघडी ठेवायची, आणि तेवढा वेळ काहीही हलू द्यायचं नाही. इंजिन बंद. पाहुण्यांना आधीच सांगून ठेवायचं, कारण एकाने कूस बदलली तरी सगळी गाडी स्प्रिंगवर झुलते. कौशीने शिवलेली, धानाच्या कोंड्याने भरलेली पिशवी दारावर ठेवायची. तिच्यात लेन्स रुतवायची. अर्धा श्वास सोडायचा आणि उरलेला धरून ठेवायचा. इतकं करून शंभरात एखाद्या फोटोत वाघाचा डोळा स्पष्ट यायचा. बाकीचे तो पुसून टाकायचा. बिघडलेली मोळी डेपोत न्यायची नसते, ती सवय त्याला होतीच.

काळं-पांढरं करायला भादुडी साहेबांनीच शिकवलं होतं. "उजेड फार वाईट असेल तर रंगाचा नाद सोड," ते म्हणाले होते. अंधारात ओढूनताणून काढलेल्या फोटोत रंग फुटतो, लाल-हिरवे दाणे पडतात, वाघ गोवर आल्यासारखा दिसतो. रंग काढून टाकला की तेच दाणे खरबरीत कागदासारखे वाटतात आणि डोळ्याला बोचत नाहीत.

सकाळची फेरी आणि सांजफेरी यांच्यामध्ये दुपारी चार तास मिळायचे. त्या वेळात दौलत खिडकीला ओलं पोतं लावून, दार लोटून जुन्या लॅपटॉपपुढे बसायचा. पडद्याच्या कडेला रंगांच्या पट्ट्या होत्या. फोटो काळा-पांढरा झाला तरी मूळ रंग आतून ओढता यायचे. हिरवी पट्टी खाली घेतली की बांबू काळा पडायचा. नारिंगी वर नेली की वाघाची कातडी उजळायची आणि पट्टे ठसठशीत उठायचे. एकेका फोटोला तो पूर्ण दुपार द्यायचा.

कौशी पाणी द्यायला आली की डोकवायची. "वाघ पिवळा असते ना?"

"असते."

"मंग तू त्याले आपल्या गायीसारखा काहून करून राहिला?"

एवढं सगळं ठीक होतं. माणूस मेहनती होता, खोटं काही करत नव्हता. पुढचं सांगताना मात्र जीभ जड होते.

काजळी नावाच्या वाघिणीला त्या वर्षी तीन पिल्लं होती, दिवाळीच्या सुमाराला झालेली. मे महिन्यात ती गावठी कुत्र्याएवढी झाली होती. बाकीचे पाणवठे आटले होते आणि त्या भागात पाणी उरलं होतं ते जांभूळबोडी नावाच्या छोट्या तळ्यात. काजळी दिवसभर पश्चिमेच्या नाल्यात पिल्लांना घेऊन पडायची. दिवस कलला की फायर लाइनने, म्हणजे वणवा अडवायला साफ केलेल्या त्या रुंद पट्ट्याने, सरळ चालत यायची, रस्ता ओलांडायची आणि पलीकडच्या बोडीत उतरायची. सगळ्या ड्रायव्हरांना हे ठाऊक होतं. गाड्या लांब उभ्या करायच्या आणि तिची वाट मोकळी ठेवायची, असा नियमही होता आणि रीतही होती.

त्या संध्याकाळी दौलतच्या गाडीत इंदूरचं एक कुटुंब होतं. पुढे त्याच्या शेजारी गाईड म्हणून वनमाला गेडाम बसली होती. गेटवर बायका गाईड झाल्या त्या पहिल्या तुकडीतली ती. दौलतने गाडी नेहमीच्या जागी उभी केली होती. काजळी आली. फायर लाइनवर जरा आत तिचं डोकं दिसलं, पण मध्ये सागाची झाडं होती. सूर्य तिच्या पाठीमागे, अगदी खाली आलेला. दौलतला दिसत होती ती नुसती काळी आकृती, आणि तीही तुकड्या-तुकड्याने.

पण ओलांडायच्या जागी जाऊन समोरून पाहिलं तर? तिच्या कडेचा केस न् केस पेटल्यासारखा दिसला असता. मागे तीन पिल्लं. असा उजेड वर्षातून एखाद्या वेळी जुळून येतो.

दौलतने चावी फिरवली. वनमालाने मान वळवून पाहिलं. ती काही बोलायच्या आत गाडी उसळली, वळणापर्यंत धावली आणि फायर लाइनच्या तोंडाशी आडवी थांबली. ब्रेक लागताच मागून आलेला फुफाटा गाडीवरून पुढे गेला आणि काजळीच्या अंगावर पसरला.

ती थांबली. पिल्लं तिच्या मागे थांबली. धुळीत सूर्य शिरला आणि सगळा पट्टा आतून उजळला. दौलतचा हात पिशवीवर गेला, लेन्स रुतली, अर्धा श्वास सुटला.

"भाऊ, रस्ता सोड," वनमाला हळूच म्हणाली. "तिचा पाण्याचा रस्ता हाय."

"एकच मिनिट."

"भाऊ."

"एकच मिनिट म्हटलं ना!"

मागे इंजिनांचे आवाज आले. दौलतची गाडी धावली म्हणजे काहीतरी आहे, हे पाहून तुळशीराम नन्नावरेने आपली जिप्सी पळवत आणली होती. त्याच्यामागे आणखी दोघं. तिन्ही गाड्या दौलतच्या गाडीला लागून उभ्या राहिल्या. बोडीची वाट पुरती बुजली.

काजळीने कान मागे पाडले. ती थोडा वेळ गाड्यांकडे पाहत राहिली, मग वळली. पिल्लं तिच्यामागे वळली. त्यातलं सगळ्यात बारकं पिल्लू जागेवरच बसलं होतं. ते पाण्याच्या दिशेला पाहत होतं. तिने मागे येऊन त्याला नाकाने ढकललं, तेव्हा ते उठलं. चौघं पश्चिमेला, नाल्याच्याही पलीकडच्या टेकाडाकडे गेली. तिथे पाणी नव्हतं. तिथे एक नवा नर फिरत होता, आणि नवा नर दुसऱ्याची पिल्लं मारतो.

गेट बंद व्हायची वेळ झाली होती. सगळे परतले. इंदूरचे पाहुणे फार खूश होते.

त्यानंतर काजळी दिसली तेव्हा तिच्यामागे दोनच पिल्लं होती. बारकं नव्हतं. गेटवर चहा पिताना बोलणी झाली. कोणी म्हणालं नराने मारलं, कोणी म्हणालं उन्हाने गेलं, कोणी म्हणालं ते आधीपासूनच अशक्त होतं. यातलं कोणतंही खरं असू शकतं. त्या संध्याकाळबद्दल कोणी बोललं नाही. तिथे चार गाड्या होत्या आणि चारही गाड्यांचे ड्रायव्हर त्या चहाला हजर होते. दौलतने ग्लास खाली ठेवला आणि गाडी पुसायला गेला. ती आधीच पुसलेली होती.

फोटो त्याने कितीतरी दिवस उघडलाच नाही. उघडला तेव्हा जून लागला होता. फोटो रंगीत होता. लाल धूळ. खालच्या कोपऱ्यात, मुरमात ब्रेकचा ताजा ओरखडा. मागे पडलेले कान. यात काय झालं ते आंधळ्यालाही कळलं असतं.

त्याने रंग काढून टाकला. हात सवयीने चालले. हिरवं खाली, नारिंगी वर. वाघीण उजळली, आणि तिच्याबरोबर धूळही उजळली, कारण धुळीचा रंग आणि वाघाचा रंग एकच. लाल फुफाटा पांढरा झाला, मऊ झाला, झाडांच्या बुंध्यांमधून वाहू लागला. मग दौलतने खालचा कोपरा काळा केला आणि ब्रेकचा ओरखडा गेला. कानांवर सावली ओढली, कान गेले. बसलेलं बारकं पिल्लू मात्र त्याने थोडं उजळ केलं, कारण ते सुंदर दिसत होतं. पूर्ण दुपार गेली. काम नेटकं झालं होतं. त्याच्या आयुष्यातला सगळ्यात चांगला फोटो झाला होता.

कौशी आली, वाकली. "अगं माय! धुकं केवढं हाय. हे कधीचं?"

दौलतने फोटो साठवून ठेवला.

"यंदा तं हिवाळ्यातही इतकं नव्हतं पडलं," कौशी म्हणाली. दौलतने लॅपटॉप मिटला.

पावसाळ्यात जंगल बंद झालं. त्याच काळात राऊळ मॅडम अधिकारी म्हणून बदलून आल्या. त्या मूळच्या कोकणातल्या. त्यांनी पिंपळहेटीचा उन्हाळा अजून पाहिला नव्हता. बाई कामाच्या होत्या. गेटवरचा रिकामा हॉल त्यांनी झाडून-रंगवून घेतला आणि ठरवलं की बाहेरच्या मोठ्या फोटोग्राफरांचे फोटो लावायचे नाहीत, इथल्याच माणसांचे लावायचे. तुळशीरामने परस्पर सांगून टाकलं की दौलतजवळ पुष्कळ आहेत. मॅडमनी दौलतला बोलावलं. तो पेन ड्राइव्ह घेऊन गेला. हा फोटो त्याने शेवटी टाकला होता. काढून का टाकला नाही, ते त्याला पुढे कधी सांगता आलं नाही.

मॅडम आधीचे फोटो भराभर सरकवत आल्या आणि इथे थांबल्या.

"अहो, काय धुकं मिळालंय तुम्हाला!" त्या म्हणाल्या. "आणि तिन्ही पिल्लं! किती वाट पाहिली असेल तुम्ही."

खरं बोलायला त्या क्षणी एकच शब्द लागत होता, फुफाटा. दौलत म्हणाला, "वाट तं पाहावीच लागते मॅडम."

"‘धुक्यातली काजळी’. असंच नाव देऊया ना?"

"हाव मॅडम."

फोटो मोठा होऊन आला. भिंतीएवढा. खाली नावाची पांढरी पट्टी, आणि पट्टीवर छायाचित्र म्हणून दौलत कुळमेथे. ऑक्टोबरात जंगल उघडेल त्या दिवशी समारंभ ठरला. नव्याने घेतलेले ड्रायव्हर आणि गाईड समोर बसणार होते आणि दौलतने त्यांना धीर कसा धरावा यावर दोन शब्द सांगायचे होते.

फोटो गेटच्या माणसांनी आधीच पाहिला होता. त्यांना तारीख लागत नव्हती. तीन पिल्लं आहेत, म्हणजे मे संपायच्या आतलं. पिल्लं एवढी मोठी आहेत, म्हणजे हिवाळ्यानंतरचं. या दोन्हींच्या मध्ये धुकं कुठून आलं?

तुळशीरामने दुसऱ्याच दिवशी हाक मारली. "ओ धुकंराव! स्वेटर घालून निघा, उन्हाळा लई हाय."

"गप बे."

"गड्या, माह्या गाडीचंही थोडं धुकं हाय त्याच्यात. माहं नाव नाही टाकलं?"

सगळे हसले. दौलतही हसला. हसताना त्याच्या लक्षात आलं की हे लोक त्याला सोडून देत आहेत. चिडवून, हसून, आपल्यातला म्हणून सोडून देत आहेत. ते त्याला घेववेना.

एक वनमाला तेवढी हसली नव्हती. त्या संध्याकाळनंतर जंगल बंद होईपर्यंत तिची पाळी दौलतच्या गाडीवर आली की ती दुसऱ्या कोणाशी अदलाबदल करायची. भांडण नाही, बोलणं नाही. नुसती दुसऱ्या गाडीत बसायची.

समारंभाला थोडे दिवस उरले असताना दौलत तिच्या घरी गेला. ती अंगणात विळीवर शेताच्या धुऱ्यावरच्या बांबूचे वास्ते, म्हणजे कोवळे कोंब, चिरत होती. पातळ चकत्या पाण्यात पडत होत्या. तिने बसायला पाट सरकवला, पण हात थांबवला नाही.

दौलतने मोबाइल काढून पुढे केला. त्यात मूळचा रंगीत फोटो होता. लाल धूळ, ओरखडा, कान.

"वनमालाबाई, हे पाहा. खरं हे हाय."

तिने पाहिलंही नाही. "मले कायले दाखवून राहिला? मी तं बाजूलेच बसली होती."

दौलतने मोबाइल खिशात घातला. म्हणाला, "तू म्हटलं होतं. रस्ता सोड म्हणून."

"म्हटलं होतं. कसं म्हटलं होतं?" आता विळी थांबली. "हळू म्हटलं. पाव्हण्याईले ऐकू जाऊ नये म्हणून हळू म्हटलं. गाईड मी होती. थांब म्हटलं तं गाडी थांबलीच पाहिजे, असा माहा हक्क हाय. मोठ्यानं वरडली असती तं तू हलवली असती गाडी?"

"असती."

"मंग? वर पाव्हण्याईनं जाताना पाठ थोपटली, तं मी थोपटून घेतली."

"मी सांगून टाकतो मॅडमले. तुहं नाव नाही घेत."

"घे का नको घेऊ. गाडीत कोण होतं ते गेटच्या रजिस्टरात हाय, ते थोडंच गिळलं हाय कोणी?" ती म्हणाली. "पण एक ऐक, दौलतभाऊ. इथं कायले आला तू? मी म्हणावं, जाऊ दे भाऊ, झालं ते झालं, म्हणून आला ना? ते मी नाही म्हणत. तुले लाज धुवाची हाय तं आपल्या घरच्या पाण्यानं धू. माह्या अंगणात नको."

ती पुन्हा चिरू लागली. दौलत उठला. खरंच तो त्याचसाठी आला होता. घरी आल्यावर त्याने कुऱ्हाड घेतली. कौशी म्हणाली, "अरे, लाकडं तं सगळी फोडली तू." तो फोडलेलीच पुन्हा फोडत बसला.

समारंभाच्या दिवशी हॉल भरला. नवे ड्रायव्हर इस्त्रीचे शर्ट घालून पुढे बसले होते. जुने मागे भिंतीला टेकून. फोटोवरचं कापड ओढलं, टाळ्या झाल्या. दौलतला शाल दिली, नारळ दिला. मॅडम म्हणाल्या, "एका फोटोसाठी हा माणूस कसा थांबला असेल, ते त्याच्याच तोंडून ऐका."

दौलत एका हातात नारळ धरून उभा राहिला. भाषण त्याला येत नव्हतं.

"मी थांबलो नाही," तो म्हणाला. "थांबलो असतो तं हा फोटो नसता. हे धुकं नाही. फुफाटा हाय. मे महिन्यातला. माह्या गाडीचा. ती पाण्यावर चालली होती अन् मी गाडी आडवी घातली. ती पाणी न पिता परत गेली. ते बारकं दिसते ना बसलेलं, ते मंग कोणाले दिसलं नाही."

पुढचे दोघं-तिघं हसले. त्यांना वाटलं, काही गमतीची सुरुवात आहे. मग ते फोटोकडे पाहू लागले आणि हसणं थांबलं.

मॅडमनी फोटोखालची पट्टी पाहिली. त्यांनी शांतपणे विचारलं, "गाईड कोण होतं गाडीत?"

"आठवत नाही मॅडम," दौलत म्हणाला. आणि म्हणता म्हणताच त्याला कळलं की एक खोटं काढायला आलो आणि दुसरं ठेवून चाललो.

मागून आवाज आला, "मी होती." वनमाला उभी राहिली होती. मोठ्याने बोलली होती. हॉलभर ऐकू गेलं.

दोघांच्याही फेऱ्या महिनाभर बंद झाल्या. यात कोणाची तक्रार नव्हती. पण मॅडम तिथेच थांबल्या नाहीत, आणि त्यांचं चुकलंही नाही. ड्रायव्हरने गाडीत कॅमेरा नेऊ नये, असा नियम निघाला. वाघ दिसला की गाडी असेल तिथे बंद करायची. आणखी दोघा-तिघा जुन्या ड्रायव्हरांना बोलावून विचारपूस झाली.

तुळशीराम पानठेल्यावर भेटला. "तू चुकला, ते तू सांगितलं. बरं केलं," तो म्हणाला. "सगळ्याईले कायले ओढलं त्याच्यात?"

"मी कोणाचं नाव नाही घेतलं, तुळशीराम."

"नाव घ्याले कायले पाहिजे? चार गाड्या होत्या बे."

त्यानंतर त्याला कोणी धुकंराव म्हटलं नाही. चहाला गेला की बाकावर जागा व्हायची, ग्लास पुढे यायचा, पण चिडवणं बंद झालं. पूर्वी चिडवल्याने जेवढं लागायचं त्याहून हे जास्त लागलं.

फोटो भिंतीवरच राहिला. तो पक्का ठोकलेला होता आणि काढला तर भिंतीचं प्लास्टर निघालं असतं. मॅडमनी नावाची पट्टी तेवढी खरवडून काढली. गोंदाचा डाग राहिला. पाहुणे सकाळी परमिटच्या रांगेत उभे राहतात, वर पाहतात आणि म्हणतात, काय धुकं आहे! दौलतने ठरवलं होतं की ऐकू आलं की दरवेळी सांगायचं. सुरुवातीला सांगितलंही. पाहुणे ओशाळायचे, नाहीतर खांदे उडवायचे, नाहीतर म्हणायचे, काही का असेना, फोटो झकास आहे. मग काही सकाळी तो सांगेनासा झाला. गाडीचं पाणी तपासायच्या निमित्ताने बाहेर जाऊ लागला. ज्या सकाळी सांगितलं नाही, त्या दिवशी त्याला दुपारचं जेवण जात नसे.

महिना संपल्यावर फेऱ्या सुरू झाल्या. नोव्हेंबरच्या शेवटी एका संध्याकाळी पाळीने वनमालाचं नाव दौलतच्या गाडीवर आलं. तिने अदलाबदल केली नाही. आली, पुढे बसली, दुपट्टा नीट केला. "हळू घे. वळणावर झाडाची फांदी पडली हाय," एवढंच म्हणाली.

मागे नाशिकचे दोघं भाऊ होते, मोठाले कॅमेरे घेऊन. जांभूळबोडीच्या अलीकडे गाडी आली आणि फायर लाइनच्या तोंडाशी काजळी उभी होती. तिच्यामागे दोन पिल्लं, आता जवळजवळ तिच्याएवढीच. दौलतने तिथेच इंजिन बंद केलं. अंतर बरंच होतं. तरीही काजळी थांबली. गाडीकडे पाहत राहिली. रस्ता ओलांडेना.

"ड्रायव्हरभाऊ, जरा पुढे घ्या ना," मागचा एक म्हणाला. "इथून उजेडच नाही तिच्यावर."

"मागं घे," वनमाला म्हणाली. मोठ्याने. मागच्या दोघांनाही ऐकू जाईल इतक्या.

दौलतने इंजिन सुरू केलं, रिव्हर्स टाकला आणि गाडी हळूहळू मागे घेतली, वळणाच्या आडोशापर्यंत. तिथून रस्ता दिसत नव्हता, वाघीणही नाही. इंजिन पुन्हा बंद केलं. मागचे दोघं कुरकुरले, मग त्यांनी कॅमेरे मांडीवर ठेवले. बराच वेळ काहीच ऐकू आलं नाही. नंतर बोडीच्या अंगाला एक चितळ वाघ पाहिल्यासारखं ओरडलं. मग दुसरं, अजून खाली, पाण्यापाशी.

"गेली," वनमाला म्हणाली.

दौलतचा हात अजून गिअरच्या दांड्यावर होता. त्याने तो दांडा मागे ओढला होता, पायाने क्लच सोडला होता, मान वळवून मागे पाहिलं होतं. एवढंच. याला जोर लागला नव्हता, घाम आला नव्हता, श्वाससुद्धा धरावा लागला नव्हता. आयुष्यभर अंगमेहनत केलेला माणूस तो. केवढ्याशा कामाला आपण त्या दिवशी नाही म्हटलं, ते त्याला आता हाताने कळलं. त्याने हात दांड्यावरून काढून मांडीवर ठेवला.

"भाऊ, चला आता, गेटची वेळ झाली," वनमाला म्हणाली.

त्याला चावी लवकर सापडेना. ती लागलेलीच होती.